जारच्या पोटातली पावती

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयासाठी मी जावामध्ये वर्गणीच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पावतीचा मसुदा, वाचनालयाचे बोधचिन्ह आणि एक देवनागरी फाँट अशा तीन फाइली मी त्याच्यासोबत जार फाइलमध्येच, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या एकत्र गाठोड्यातच, बांधल्या होत्या. कोथरूडला घरी, आयडीईमध्ये (प्रोग्रॅम लिहून चालवून पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये), सगळे सुरळीत चालत होते. वाचनालयातल्या संगणकावर मात्र पहिल्याच पावतीला प्रोग्रॅम कोसळला. ग्रंथपाल काकूंनी "राहू दे रे, आज हातानेच लिहिते," म्हणत पावतीपुस्तक पुढे ओढले.

पडद्यावर 'यूआरआय इज नॉट हायरार्किकल' असा संदेश होता. चूक सर्वस्वी माझी होती. मी जावाच्या 'गेटरिसोर्स' या पद्धतीकडून मसुद्याचा पत्ता (यूआरआय) घेत होतो आणि त्या पत्त्यावरून 'फाइल' ऑब्जेक्ट बनवत होतो. आयडीईमधून प्रोग्रॅम चालवला की साधने, म्हणजे मसुद्यासारख्या सोबतच्या फाइली, डिस्कवरच्या फोल्डरमध्ये सुटी पडलेली असतात, त्यामुळे हे खपून जाते. जार ही मुळात झिप फाइल असते. तिच्या आतल्या मसुद्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वच नसते. त्याच वाचनालयात जुने मासिकांचे अंक वर्षावर्षाचे एकत्र बांधून ठेवलेले आहेत; त्यातला मार्चचा अंक कपाटातून वेगळा काढून हातात घेता येत नाही, बांधीव खंड उघडून त्या पानापर्यंत जावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून पत्ता न मागता मजकुराचा प्रवाह मागावा, म्हणजेच 'गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम' वापरावे. इथे एक बारकावा आहे, ज्याने माझा एक अख्खा रविवार खाल्ला. ही पद्धत क्लासवर (कोडच्या एका घटकावर) बोलावली तर सुरुवातीची तिरकी रेघ 'जारच्या मुळापासून शोध' असे सांगते आणि ती नसेल तर शोध त्या क्लासच्या पॅकेजमध्ये, म्हणजे तो क्लास ज्या गटात आहे तिथे, होतो. क्लास शोधून आणणाऱ्या क्लासलोडरवर बोलावली तर शोध नेहमी मुळापासूनच होतो आणि तिथे ती रेघ द्यायची नसते. नाव चुकले तर त्रुटी येत नाही, मुकाट्याने 'नल', म्हणजे 'काहीच नाही', परत येते आणि प्रोग्रॅम पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर पडतो. त्यात माझ्या फाइलच्या नावातले पहिले इंग्रजी अक्षर मोठे होते आणि कोडमध्ये छोटे. विंडोजच्या फोल्डरला तो फरक दिसत नाही, जारला दिसतो.

फाँटचे काम सोपे निघाले, कारण 'फाँट.क्रिएटफाँट' प्रवाह थेट स्वीकारते. छपाईची जुनी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) मात्र बोधचिन्हासाठी फाइलचा पत्ताच मागत होती; तेव्हा ते जारमधून तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून तिचा पत्ता दिला. हा उपाय मला फारसा आवडत नाही, पण दुसऱ्याच्या लायब्ररीपुढे इलाज नसतो.

एवढे झाल्यावर पावती छापली गेली, पण देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हे उमटली. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या रीतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि वाचनालयातल्या जावा ८ला विंडोजची जुनी संकेतपद्धती गृहीत असल्यामुळे तो प्रत्येक बाइट वेगळे अक्षर समजत होता. माझ्या आयडीईने यूटीएफ-८ आधीच ठरवून दिलेले असल्याने घरी हे कधीच दिसले नव्हते. जावा १८पासून, म्हणजे २०२२पासून, यूटीएफ-८ हीच मूळ निवड झाली आहे. तरीही प्रवाहातून मजकूर वाचणाऱ्या 'इनपुटस्ट्रीमरीडर'ला संकेतपद्धती स्पष्ट सांगणेच मी पसंत करतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्याने तरी ती गृहीत धरू नये.

शेवटी उरला पावती क्रमांक. तोही मी साधनांमधल्याच एका फाइलमध्ये लिहीत होतो, हे सांगताना आता संकोच वाटतो. जारमधली साधने वाचण्यासाठी असतात. चालत्या प्रोग्रॅमने त्यांत लिहायचे नसते. घरी तो क्रमांक बिल्डच्या फोल्डरमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होतो तिथे, वाढत होता आणि प्रत्येक नव्या बिल्डबरोबर पुन्हा १वर येत होता, ज्याकडे मी चाचणीच्या भरात दुर्लक्ष केले होते. आता तो वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये राहतो आणि काकू दर शनिवारी तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेतात.