हेलिकॉप्टर शिकायचं, पण कोणत्या मॉडेलवर? माझा अनुभव

वर्ग २ मेडिकल (पायलटचं प्रशिक्षण घ्यायला लागणारी वैद्यकीय तपासणी) निघालं, घरून होकार मिळाला आणि खरा प्रश्न समोर आला: शिकायचं कोणत्या हेलिकॉप्टरवर? नागपूर फ्लाइंग क्लबमुळे आपल्याकडे विमान शिकणारे भेटतात, हेलिकॉप्टरवाले फारसे नाहीत. त्यात एकदा संस्था ठरली की तिच्याकडे असेल त्याच यंत्रावर शिकावं लागतं. म्हणून मी आधी मॉडेल ठरवायचं आणि मग संस्था, असं केलं.

पहिलं नाव अर्थातच रॉबिन्सन आर२२. दोन सीटचं, तासाला साधारण ३०-३५ लिटर इंधन, त्यामुळे तासाचा दर कमी. कमर्शियल लायसन्सला १५० तास लागतात, तेव्हा हा फरक लाखांत जातो.

बाबांच्या ओळखीचे एक काका वायुसेनेत चेतक हेलिकॉप्टर उडवायचे, आता सोमलवाड्यात राहतात. दरांचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "दर नंतर बघू बेटा. तुझं वजन किती?" मी सांगितलं, ८८ किलो. त्यांनी त्याच कागदाच्या मागे मांडायला घेतलं. आर२२चं कमाल वजन ६२२ किलो, रिकामं यंत्र ४००च्या आसपास. मी ८८, प्रशिक्षक ८५. इंधनाला उरले जेमतेम पन्नास किलो. बसतं, पण शिल्लक काही नाही.

"आता यात आपलं ऊन घाल," काका म्हणाले. नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पात्यांना आपण ५,००० फुटांच्या आसपास असल्यासारखं वाटतं. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. शिकायला कुठेही गेलो तरी भारतातला उन्हाळा काही चुकत नाही. काठोकाठ भरलेलं यंत्र अशा हवेत हॉवर करताना, म्हणजे एका जागी तरंगताना, ताकदीच्या टोकाला असतं, आणि नवशिक्याचा हात हॉवरमध्येच सगळ्यात जास्त डळमळतो.

मला त्याहून मोठी वाटली ती रोटरची, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांची गोष्ट. आर२२चा रोटर हलका. इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली घ्यायला सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात चुकलं आणि रोटरचे फेरे फार घसरले, तर ते परत मिळत नाहीत. शिवाय दोन पात्यांच्या त्या रोटरला लो-जीमध्ये, म्हणजे अंग हलकं झाल्यासारखं वाटतं अशा उड्डाणात, मास्ट बम्पिंगचा (रोटरचा मधला भाग त्याच्या दांड्यावर आदळण्याचा) धोका. म्हणूनच अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने १९९५ साली आर२२ आणि आर४४साठी खास प्रशिक्षणाचा नियम आणला. त्यात नवशिक्याला एकट्याने आर२२ उडवण्याआधी त्यावर प्रशिक्षकासोबत २० तासांची अट होती. यंत्र वाईट नाही, त्यावर शिकलेल्यांचा हात फार सफाईदार होतो असं म्हणतात आणि मला ते पटतं. पण माझ्या वजनाला आणि आपल्या उन्हाला त्यात मोकळीक नव्हती.

आर४४ दणकट, पण चार सीटचं इंजिन दोघांसाठी जाळायचं, म्हणजे इंधन दुपटीच्या जवळ. गिम्बाल काब्री जी२ मला मनापासून आवडलं: तीन पाती, आणि शेपटीचा पंखा कवचाच्या आत. मला परवडेल अशा ठिकाणी मात्र ते मिळेना.

राहिलं श्वायझर ३००सी. मूळ डिझाइन ह्यूज कंपनीचं, जुनं. १९० हॉर्सपॉवर, तीन पाती, ९३० किलोपर्यंत वजन. वेग कमी, पण ऑटोरोटेशन (इंजिन बंद पडल्यावर फिरत्या पात्यांच्या जोरावर उतरणं) शिकायला भरपूर सवड देणारं. याचा धोका वेगळा, ग्राउंड रेझोनन्सचा: डॅम्पर (हेलकावे शोषून घेणारे भाग) ढिले असले आणि यंत्र वाकडं टेकलं, तर ते जमिनीवरच थरथरून मोडू शकतं. म्हणून संस्थांना मी फीच्या आधी डॅम्परच्या तपासणीबद्दल विचारलं, आणि प्रत्येक यंत्राचं वजनाचं पत्रक मागितलं. ज्यांनी पत्रक दाखवायला टाळाटाळ केली त्यांची नावं तिथेच खोडली.

प्रवेश घेतला आहे, ३००सीवर. त्यांच्या पत्रकात मी, प्रशिक्षक आणि पूर्ण टाकी धरूनही दीडशे किलोच्या आसपास शिल्लक राहतात.