सगळेच ‘कॉन्स्टन्…’

हातातल्या झिजलेल्या रोमन नाण्याची मागची बाजू पाच मिनिटांत ओळखता आली. दोन शिपाई, मध्ये दोन ध्वजदंड, कडेने ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, म्हणजे सैन्याचा गौरव. हा प्रकार 330 ते 335 सालचा. पुढे मध्ये एकच दंड राहतो आणि नाणं 18 मिलिमीटरवरून साधारण 15-16 वर येतं.

घोडं अडलं पुढच्या बाजूला. चेहऱ्याभोवती ‘कॉन्स्टन्’ एवढंच शाबूत. बाप सम्राट कॉन्स्टंटिनुस, मुलगे कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटियुस, कॉन्स्टन्स. नावं ठेवताना या घराण्याने नाणी वाचणाऱ्यांचा जराही विचार केला नाही. कॉन्स्टंटिनुस आणि कॉन्स्टंटियुस यांत फरक एका ‘एन’चा, आणि झिजतो नेमका तोच. त्या ‘एन’पायी भिंगाखाली दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

मधलं नाव सोडा, चेहऱ्याभोवतीच्या लेखाची दोन्ही टोकं बघा. लेख डाव्या खांद्याजवळ सुरू होतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरतो. सुरुवातीला ‘एफ-एल आय-व्ही-एल’, म्हणजे फ्लाविउस युलिउस, असेल (‘यू’ तिथे ‘व्ही’सारखाच कोरतात), तर बहुधा कॉन्स्टंटियुस किंवा कॉन्स्टन्स, दुसऱ्याचं नाव तीन अक्षरांनी आखूड, तेव्हा मोकळी जागा मोजा. थेट ‘सी’ने सुरुवात असेल तर बाप किंवा थोरला मुलगा. शेवटी ‘मॅक्स ऑग’ (थोर सम्राट) असेल तर बाप, ‘नोब सी’ (सीझर, म्हणजे युवराज) असेल तर मुलगा. शेवटही गेला असेल तर डोकं बघा: बापाला फुलांच्या नक्षीचा रत्नपट्टा, मुलांना बहुधा पानांची माळ. माझ्या नाण्यावर ‘सी’ आणि माळ. थोरला!

हे आधीच सांगायला हवं होतं: दिवा एकच, बाजूने, अगदी खालून, नाणं फिरवत राहा. वरून उजेड पडला की अक्षरं गायब. आणि तांब्याची भांडी घासतो तशी चिंच लावू नका. बरेचदा अक्षरं त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. थर गेला की तीही गेली.

टांकसाळ कळल्याशिवाय सूचीतला क्रमांक मिळत नाही, कारण ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या रोमन नाण्यांच्या सूचीचा सातवा खंड टांकसाळीनुसारच लावलेला आहे. शिपायांच्या पायाखालच्या रेघेखाली पाहिलं, तर तिथेही ‘कॉन्स’! कॉन्स्टँटिनोपल म्हणून मोकळं होऊ नका. फ्रान्समधल्या आर्लचंही नाव तेव्हा कॉन्स्टंटिना होतं. इथेही टोकंच कामी येतात. कॉन्स्टँटिनोपलमध्ये टांकसाळीतल्या कारखान्याचं ग्रीक अक्षर शेवटी, आर्लमध्ये ‘पी’ किंवा ‘एस’ सुरुवातीला.

माझ्याकडे ‘पी’ पुढे होता. आर्ल.