आमची वाटचाल: तिथीवर चालणाऱ्या सायकली

सायकली भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. भरती-ओहोटी बघून सायकली सोडणारे आमच्या किनाऱ्यावर पहिले आम्हीच. हे सांगायची वेळ यायला नको होती, पण हल्ली ते श्रेय भलतेच लोक घेऊ लागलेत, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमचं बेट सपाट. ओहोटीला एक दगडी बांध उघडा पडतो आणि बेट जमिनीला जोडलं जातं. भरतीला तोच बांध पाण्याखाली जातो. सहल साधीच आहे: बांधावरून बेटावर जायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने प्रदक्षिणा घालायची, पुढच्या ओहोटीला परत यायचं. दोन ओहोट्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. त्यामुळे पहाटेची आणि संध्याकाळची ओहोटी उजेडात सापडेल असेच दिवस एका दिवसाच्या सहलीला चालतात. बाकीच्या दिवशी मुक्काम. मधली भरती बेटावर निवांत काढायची, हाच तर आमचा धंदा. लोक ‘तेवढा वेळ तिथे काय करायचं?’ असं विचारतात. काही करायचं नाही, त्याचेच पैसे घेतो आम्ही.

सुरुवात दोघांनी केली. भागीदार फॅब्रिकेशनवाला. पैसे माझे, हात त्याचे. पहिल्या सायकली आम्ही गिअरच्या आणल्या नाहीत, म्हणजे बाहेर लोंबणारा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) असलेल्या नाहीत. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत तीन गिअर, पूर्ण बंद चेनकव्हर, ड्रम ब्रेक, जाड टायर. लोक हसले. खाऱ्या वाळूने उघड्या चेनचं काय होतं हे ज्याने एक हंगाम पाहिलंय तो हसणार नाही. चेन ताणली गेलीय का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गेज लागतं आणि ते स्वस्त असतं. ०.७५ टक्क्यांची खूण आत गेली की चेन बदला. ती वाचवायला गेलात तर पाठोपाठ स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्रही, जाईल.

आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी! स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट आणि त्यात खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते. दोन धातूंमध्ये अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याचा पांढरा भुगा फुगतो आणि पोस्ट आत असा बसतो की पाना वाकेल पण तो हलणार नाही. आमच्याकडे दर आठवड्याला सगळे पोस्ट बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवतात. नवीन पोऱ्या कामाला आला की पहिलं काम हेच. संध्याकाळी सायकली गोड्या पाण्याने धुवायच्या, तेही हलक्या धारेने. प्रेशरची नळी बेअरिंगवर मारलीत की मीठ आत आणि ग्रीस बाहेर. ज्यांना हे सांगितलं त्यांनी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

पुढे काही वर्षं बरी गेली.

मग समोरच्या किनाऱ्यावर ते आले. नाव घेत नाही. बॅटरीच्या सायकली, एकसारखे रंगीत हेल्मेट आणि जाहिरात काय, तर ‘एका ओहोटीत अख्खं बेट’. म्हणजे बांध उघडला की जायचं आणि बुडायच्या आत परतायचं. आमच्याकडे नाव नोंदवलेले लोक तिकडे वळले. ‘तुमचं फार वेळखाऊ आहे हो,’ असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं. वेळखाऊ तर वेळखाऊ. पण भागीदारालाही तेच पटायला लागलं. बॅटरीच्या सायकली आपणही घेऊ म्हणाला, मी नाही म्हटलं. भांडण झालं नाही, पण त्याने हिस्सा काढून घेतला. हत्यारांची पेटी मात्र ठेवून गेला. तारा आवळायच्या चाव्या आणि कोनचे पातळ पाने, सगळे अजून वापरात आहेत. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड त्याने स्वतः बनवलेला. बाजारातल्या स्टँडपेक्षा आजही तो खरा.

आमच्या दाराशी मोठा फलक असतो: तारीख, बांध कधी उघडणार, कधी बुडणार. बंदराचं भरतीचं कोष्टक जसंच्या तसं आम्ही लावत नाही. बंदर आणि बांध यांच्यातला फरक धरून, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं ओसरत नाही तेव्हा) वेळ आखडती घेऊन ते आकडे बसवावे लागतात. हे काम आमच्या काकांचं. काका म्हणजे आमचे पहिल्या हंगामापासूनचे ग्राहक, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दर मोसमात येणार, तीच सायकल मागणार, सीट स्वतः बसवणार. वाऱ्याचा नियम त्यांनीच सगळ्यांना घोकायला लावला. सपाट बेटावर चढ नसतो, वारा हाच चढ. ताशी १५ किलोमीटरने निघालात आणि समोरून २० चा वारा असला, तर हवेशी तुमचा वेग ३५. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. म्हणून वाऱ्याच्या तोंडावरची बाजू आधी, पाय ताजे असताना. पाठीवरचा वारा परतीला ठेवा.

तर त्या मंडळींनी काय केलं, की आमच्या फलकाचा फोटो काढला आणि त्याचं सुंदर चित्र करून आपल्या ग्राहकांना वाटलं. फोटो आदल्या वर्षीचा. तारीख तीच, म्हणून वेळही तीच असेल असा हिशेब! समुद्र तारखेवर चालत नाही, तिथीवर चालतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. त्याच तारखेला पुढच्या वर्षी चंद्र जवळपास अकरा दिवस पुढे गेलेला असतो. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडते, तेव्हा अकरा दिवसांचे नऊ तास, आणि सव्वाबारा-साडेबारा तासांच्या ओहोटीच्या चक्रात बसवलं की यंदाची ओहोटी गेल्या वर्षीच्या वेळेपेक्षा तीन-साडेतीन तास आधीच होऊन गेलेली. त्यांच्या कागदावर बांध पूर्ण कोरडा असायची जी वेळ होती, त्या वेळी पाणी निम्म्यावर आलेलं होतं.

तेही ओहोटीनंतर पाणी कसं चढतं बघा. पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. बांधाची दोन्ही टोकं उंच, मधला भाग खोलगट. टोकाशी उभं राहिलं तर रस्ता कोरडा दिसतो, आणि मध्ये जाईपर्यंत तिथे पाणी धावत असतं. त्यांची तुकडी तशीच शिरली. नशिबाने जवळ होडी होती, माणसं सगळी सुखरूप निघाली. बॅटरीच्या सायकली रात्रभर खाऱ्या पाण्यात राहिल्या.

आता माझी तक्रार ऐका. पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला: सायकलींच्या कोणत्याही गटाला बांधावरून जायला मनाई. कोणत्याही म्हणजे आमच्याही. हंगामाच्या तोंडावर. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे दुसरे धंदे होते, ते तिकडे वळले. आमच्याकडे फक्त बांध होता. आगाऊ घेतलेले पैसे परत करायचे, कर्जाचे हप्ते चालूच, आणि वर लोक म्हणणार, ‘तुमच्याकडेच ते बुडाले होते ना?’ कार्यालयात गेलो तर आमचं कोष्टक कोणी उघडूनही पाहिलं नाही. अर्ध्या सायकली विकल्या. त्या अजून रस्त्यात दिसतात. चेनकव्हर काढून टाकलंय, चेन कुरकुरतेय. जीव जळतो.

काका आले ते नेहमीच्या वेळी, नेहमीची सायकल मागायला. बांध बंद म्हटल्यावर म्हणाले, ‘मग किनारा आहे की.’ ओहोटीला किनाऱ्यावर जो ओला, घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो तो त्यांनी आम्हाला रस्ता म्हणून दाखवला. टायरमधली हवा कमी करायची, सुक्या भुसभुशीत वाळूत शिरायचं नाही, वळताना ब्रेक दाबायचा नाही. त्या एका पट्ट्यावर आम्ही तगलो. ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, ते विद्यार्थी पोरंबाळं घेऊन आले. मागून काकांनी बांधाचा सगळा हिशेब कागदावर मांडला, हवेच्या दाबासकट. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो, म्हणून वादळी हवेत कोष्टकातली वेळ आणखी आखडती घ्यायची. तो कागद वर पोचला तेव्हा कुठे आम्हाला सशर्त परवानगी मिळाली. अट अशी की प्रत्येक सहलीची वेळ आधी लिहून द्यायची. जे आम्ही पहिल्यापासून फलकावर लिहीतच होतो!

बांधावर सायकल चालवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो, विचारलं नसलंत तरी. शेवाळ चढलेल्या ओल्या दगडावर शर्यत करू नका. फ्रान्समध्ये न्वारमूतिए बेटाला जाणारा ग्वा नावाचा असाच चार किलोमीटरहून लांब रस्ता आहे. १९९९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत तिथे शर्यतपटूंचा घोळका कोसळला आणि स्वित्झर्लंडचा अ‍ॅलेक्स झुल्ले त्या एका दिवसात सहा मिनिटांहून जास्त मागे पडला. शेवटी तो दुसरा आला, साडेसात मिनिटांच्या फरकाने. आयुष्यभर सायकल चालवणाऱ्याची ही गत, तर तुम्ही रविवारी निघालेले. हँडल सरळ धरा, पेडल हलकं मारा, शेवाळ दिसलं तर उतरून चाला. चालण्यात कमीपणा नाही.

त्याच ग्वावर ठरावीक अंतरावर चढून बसायला उंच खांब आहेत. इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न बेटाच्या अशाच रस्त्यावरही खांबांवरची खोली आहे. आमच्या बांधावर असा एक मचाण हवा म्हणून आम्ही अर्जामागून अर्ज दिलेत. मनाईचा हुकूम आठवड्यात निघतो, मचाणाचा अर्ज मात्र अजून ‘विचाराधीन’ आहे. आणि समोरचे लोक पुन्हा सुरू झालेत. त्यांच्या नव्या फलकावर तळाशी एक ओळ आहे, ‘वेळा दरवर्षी बदलतात, जुना फलक वापरू नये.’ ती ओळ आमच्या फलकावरची आहे, शब्द न् शब्द.