गाडी नसताना अन्योनेला

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या हाती लागलेली, चर्चमधली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. लहानपणी त्या आकृतीवरून बोट फिरवत मी आईला विचारायचे, "हे पितळेवर उमटलं कसं?" आईलाही माहीत नव्हतं.

२०१९ मध्ये कामानिमित्त रोमला होते, तेव्हा मोलिझेतल्या अन्योने गावी घंटा ओततात हे कळलं आणि निघाले. मोलिझे म्हणजे इटलीतला क्षेत्रफळाने दुसरा सर्वांत लहान प्रांत. १९६३ मध्ये आब्रुत्सोपासून वेगळा झाला. लोकसंख्या सुमारे तीन लाख, आणि विमानतळ एकही नाही.

रोमहून इझेर्निया शहरापर्यंत रेल्वे सोपी, तिथून पुढे अन्योनेला बस. माझं चुकलं ते वारात. रविवारी पोचले. नेटवरचं वेळापत्रक जुनं निघालं, स्टँडवर चिटपाखरू नाही. बारमधल्या काकूंनी बोटांनी खूण करून सांगितलं: आज नाही, उद्या सकाळी. तिकीट बसमध्ये नाही, इथेच काउंटरवर घ्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. रात्र तिथेच काढली. जाणार असाल तर रविवार टाळाच.

सोमवारी बसमध्ये आम्ही चौघंच. वळणावळणाचा घाट, डोंगरमाथ्यावर चिकटलेली गावं, बंद खिडक्या. तरणी माणसं कामाधंद्यासाठी कधीचीच बाहेर गेलेली. अन्योनेला पूर्वी छोटी रेल्वे येत असे, तीही १९४३ मध्ये युद्धात गेली. हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

अन्योनेतल्या मारिनेल्ली घराण्याच्या ओतशाळेत मात्र शतकानुशतकं काम चालू आहे. विटांचा गाभा, त्यावर मातीची खोटी घंटा, तिच्यावर मेणाची अक्षरं आणि मूर्ती, वरून पुन्हा मातीचा जाड थर. आतून जाळ केला की मेण वितळून जातं आणि त्या थराच्या आतल्या बाजूला आकृतीचा ठसा राहतो. मग खोटी घंटा फोडून काढायची आणि त्या पोकळीत तांबं-कथील ओतायचं. ओतताना मेरीची स्तोत्रं म्हणतात. मेणाचं एक फूल हातात दिलं तेव्हा ते नखाने दबेल इतकं मऊ लागलं.

बाहेर येऊन पायरीवरूनच आईला फोन लावला. "आई, मेणानं उमटतं गं ते."