तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांना अस्वलाच्या शिकारीला नेताना त्या मुक्या जनावराचं काहीच वाटत नाही का?

अलास्कात अँकरेजला आमच्या घरी गणपतीच्या जेवणाला जमणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मोदकावर तूप घेता घेता हे विचारतंच. साताऱ्याहून ताई फोनवर विचारते. आता मुलगीही विचारायला लागली आहे. बारा वर्षं हसण्यावारी नेलं, आज एकदाच सांगतो.

आधी थोडं चिडून घेतो. मी शिकारी नाही, पैसे मोजून येणाऱ्या शिकाऱ्यांना वाट दाखवणारा असिस्टंट गाइड आहे. बाहेरच्या अमेरिकन माणसाला अलास्कात ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, मारायचं तर सोबत गाइड तरी लागतो, नाहीतर इथे राहणारा जवळचा नातेवाईक. नातेवाईक सगळ्यांना कुठून असणार? त्यावर आमचं पोट चालतं. आम्ही जातो त्या अलास्का द्वीपकल्पावर सम वर्षी मे आणि विषम वर्षी ऑक्टोबर, असे जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. पिल्लांना किंवा पिल्लं बरोबर असलेल्या मादीला हात लावायचा नाही. विमानातून उतरलात त्या दिवशी बंदूक चालवायची नाही. हे नियम मी ताईला इतक्यांदा ऐकवलेत, की ती मधेच म्हणते, "ते कळलं रे. पण खाता तरी का?"

नाही खात. मूसचं, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाचं, मांस रानात टाकलं तर गुन्हा होतो. आमच्या अस्वलाचं मात्र कातडं आणि कवटी आणून सरकारी शिक्का मारून घेतला की झालं. इथे माझी बाजू लंगडी पडते, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी मी वाद घालत राहिलो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं 2017 मध्ये ग्रिझलीची शिकार बंद केली, तेव्हाही त्याविरुद्ध तावातावानं बोललो होतो. त्या वेळचं माझं बोलणं आठवलं की आता कानकोंडं व्हायला होतं. चूक होतं असंही म्हणवत नाही.

मे महिना त्यातल्या त्यात सोपा. डोंगरावर बर्फ असतो, माग स्पष्ट दिसतो, नर हिवाळी झोपेतून आधीच बाहेर पडलेले असतात. ऑक्टोबरचं तसं नाही. सॅमन मासे खाऊन अस्वल तुडुंब झालेलं, केस दाट, दिवस लहान आणि पाऊस आडवा.

2019 चा ऑक्टोबर. सहा दिवस ओल्या तंबूत काढल्यावर सातव्या संध्याकाळी ओढ्याकाठी एक मोठा नर दिसला. क्लायंटनं पहिल्याच रात्री बजावलं होतं, "मी सांगितल्याशिवाय तू गोळी झाडायची नाहीस." त्याला भिंतीवरचं अस्वल फक्त स्वतःच्या गोळीचं हवं होतं. मी मान डोलावली होती. पंचवीस-तीस हजार डॉलर मोजणाऱ्या माणसासमोर मान आपोआप डोलते.

त्याची गोळी छातीऐवजी मागे, पोटात लागली. अस्वल गर्रकन वळलं, पोटाजवळ स्वतःलाच चावलं आणि पळालं. माझी बंदूक खांद्याला होती, नेम बसलेला होता. दोन सेकंद मिळाले असतील. मी क्लायंटच्या तोंडाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. अस्वल ऑल्डरच्या झाडीत शिरलं.

ऑल्डर म्हणजे दंडाएवढी खोडं, उतारावर आडवी पसरलेली. आत हातभर पुढचं दिसत नाही. अंधारात जखमी अस्वलामागे तिथे शिरायचं नसतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. रात्रभर पाऊस पडला. ऑक्टोबरच्या अस्वलाला रक्तही फारसं सांडत नाही; चरबीनं जखम बुजते, उरलेलं केसांत जिरतं. सकाळी एका पानाखाली तांबूस ठिपका सापडला, अंगठ्याच्या नखाएवढा. बस्स.

दोन दिवस शोधलं. शेवटी मी टेकाडावर बसून नुसतं आभाळ बघत राहिलो. जनावर मेलं असेल तर डोमकावळे जमतात. एकही आला नाही. अण्णांच्या दहाव्याला घाटावर असेच ताटकळलो होतो. काका हात जोडून नाही नाही ती वचनं देत होते आणि कावळा शिवत नव्हता. इथे मी कुणाला काय वचन देणार? कावळे नाहीत म्हणजे ते जगलं असेल, असं क्लायंटला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगतो.

जखमी केलेलं अस्वल तुमच्या वाट्याचं धरायचं, हा आमच्या कॅम्पचा नियम. क्लायंट रिकाम्या हातानं, शिव्या घालत गेला. 2020 च्या मे महिन्यात कोरोनामुळे बाहेरच्यांची शिकारच बंद झाली. 2022 मध्ये त्या ओढ्यावर पुन्हा गेलो. काही सापडलं नाही.

तर, वाटतं. मारलेल्या अस्वलांचं मात्र तितकं वाटत नाही, हेही खरं. ताईला हे उत्तर पटणार नाही.

मुलगी दरवर्षी फॅट बेअर वीकमध्ये त्याच द्वीपकल्पावरच्या कटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या लठ्ठ अस्वलांना ऑनलाइन मत देते. त्या उद्यानात शिकार चालत नाही, पण अस्वलाला हद्द कुठे कळते? विषम वर्षी त्याच दिवसांत माझं सामान बांधणं चालू असतं. येत्या ऑक्टोबरलाही हो म्हणून बसलोय. यंदा क्लायंटला पहिल्याच रात्री सांगणार आहे: पहिली गोळी तुमची, दुसरी मी विचारून झाडणार नाही. त्याला कबूल नसेल तर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.