ओसरीवरचं ओझं

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी उणे १८ अंश सेल्सियस. न्यूकॉम गावच्या फाटकाशी आम्ही दोघांनी स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली लावायच्या पसरट जाळ्या, बांधले. दुसरा म्हणजे जुन्या ओंडक्यांच्या घरांत हयात घालवलेला एक म्हातारा सुतार. मागे दोरीनं ओढायच्या घसरगाडीवर शिडी, लाकडी फावडी आणि बर्फ तोलायचा काटा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या रानातला सँटनोनी कँप, म्हणजे ओंडक्यांचं एक जुनं मोठं घर, इथून साडेसात किलोमीटर. मोटार आत नेता येत नाही. हिवाळ्यात लोक स्कीवर किंवा स्नोशूवर येतात. छपरावर साठलेल्या बर्फाचा भार मोजायचं काम होतं.

तीन तासांनी झाडीतून घर दिसलं आणि मी थांबलेच. उन्हाळ्यात दोनदा पाहिलं होतं, पण ते मला बर्फात कळलं. सहा वेगवेगळ्या इमारती, त्यांवर एकच सलग छप्पर आणि त्याखाली सुमारे ५,००० चौरस फुटांची पडवी. निजायच्या खोलीतून जेवणघरात जाताना बर्फावर पाऊल ठेवावं लागत नाही. मी पुण्यात वाड्यांच्या दुरुस्तीवर कामं केली. तिथेही अंगणात न उतरता ओसरीवरून घरभर फिरता येतं. इथे सागवानाऐवजी स्प्रूस, दीड हजार ओंडके, एवढाच फरक वाटला.

१८९२-९३ मध्ये ऑल्बनीच्या रॉबर्ट प्राइननं हे बांधून घेतलं. त्याचे वडील जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, तोही त्यांच्यासोबत तिथे राहिला होता. त्या जपानी छापेतूनच छपराच्या आकारात पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आला, असं म्हणतात. पुढे दुसऱ्या कुटुंबानं ते घेतलं. १९७१ मध्ये त्यांच्यातला आठ वर्षांचा मुलगा या रानात हरवला, तो सापडलाच नाही. पुढच्या वर्षी जागा राज्याच्या ताब्यात आली. हे रान कायम रानच राहावं, असं न्यूयॉर्क राज्याच्या घटनेतलं कलम सांगतं. मग घराचं काय करायचं, हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहिला, आणि दुरुस्तीवाचून लाकूड कुजत गेलं. १९९० मध्ये ते वाचवायला लोकांनी संस्था काढली. २००० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. रान आणि घर दोन्ही राखता येतात, असं मला मनापासून वाटतं.

शिडी लावली. सपाट भागावर बर्फ ७० सेंटिमीटर, वजन चौरस मीटरला १६० किलो. सगळ्या पडवीवर धरलं तर ७५ टनांच्या घरात! पण दोन उतार जिथे मिळतात त्या घळीत वाऱ्यानं दुपटीहून जास्त बर्फ कोंबला होता. मोजायच्या लेझरची बॅटरी थंडीनं केव्हाच मान टाकली होती. सुतारानं खिशातून सुताची गुंडी काढली आणि घळीखालच्या तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. मधोमध ११ मिलिमीटर झोळ.

आमचं काम फक्त मोजायचं. त्यानं वर पाहिलं, फावडं उचललं. मी फोन करून परवानगी मागणार, तर तिथे रेंजच नाही. "मी जबाबदार," तो म्हणाला. मी म्हटलं, "आपण दोघं."

पावणेदोन तास उपसलं. तळाशी वीतभर बर्फ मुद्दाम ठेवला, फावड्यानं लाकडी कौलं फुटू नयेत म्हणून. दोन्ही बाजूंनी सारखंच काढत गेलो, एकाच अंगाला भार राहू नये म्हणून. माझे हात सुन्न झाले होते, त्याच्या मिशीवर बर्फ धरला होता. खाली तलावावरचा बर्फ अधूनमधून तोफेसारखा वाजायचा आणि दर वेळी माझी नजर तुळईकडे जायची.

उतरल्यावर त्यानं लगेच मोजू दिलं नाही. थर्मासमधला चहा संपेपर्यंत आम्ही पडवीत बसलो. मग सूत पुन्हा ताणलं.

"वाच."

पट्टी दोनदा लावून पाहिली. सात. एवढी वर्षं भार सोसलेलं लाकूड चार मिलिमीटर वर आलं होतं.

शाई गोठलेली. शिसपेन्सिलीनं ११ च्या खाली ७ लिहिले, शेजारी वेळ घातली: ३.२०. त्यानं हातमोजा काढला आणि तुळईवर तळवा ठेवून तसाच उभा राहिला. अंधार पडायच्या आत फाटक गाठायचं होतं, तरी मी काही त्याला हाक मारली नाही.