तिसऱ्या सेलोची किरकिर

मी लिथुआनियात, व्हिल्नियसमध्ये साउंडचं काम करते. माइक लावणं, केबल ओढणं, तालमीला कन्सोलवर बसणं, असं सगळं. एक दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतेय.

त्या दिवशी युस्ते यानुलीते या कंपोझरच्या 'सँडग्लासेस' या रचनेची तालीम होती. हे नाव आपल्याकडे फारसं ऐकलं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तिचा जन्म 1982 चा, ती व्हिल्नियसचीच, इथे बालाकाउस्कास आणि कुतावीच्यूस या मोठ्या कंपोझरांकडे शिकली आणि मग मिलानला जाऊन पुढचं शिक्षण घेतलं. तिचं संगीत एकरंगी असतं, म्हणजे एका रचनेत शक्यतो एकाच जातीची वाद्यं. 2004 ची 'व्हाइट म्युझिक' पंधरा तंतुवाद्यांसाठी आहे, 'अ‍ॅक्वारेल' नुसत्या कोरससाठी, आणि 2009 ची 'इलाँगेशन ऑफ नाइट्स' परत नुसत्या तंतुवाद्यांसाठी. रात्री लांबत जाणं म्हणजे काय ते इथे डिसेंबर काढल्याशिवाय कळत नाही, दिवस जेमतेम सव्वासात तासांचा असतो आणि तोही राखाडी. गुणगुणता येईल अशी चाल तिच्या संगीतात नसते, ठेका धरता येत नाही, सूर इतका हळू बदलतो की बदलला कधी ते सांगता येत नाही, फक्त थोड्या वेळाने लक्षात येतं की अरे आपण आता वेगळ्याच ठिकाणी आहोत.

'सँडग्लासेस' 2010 ची. चार सेलोवादक (सेलो म्हणजे बसून वाजवायचं, व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य), प्रत्येक जण पातळ जाळीच्या कापडाच्या एका उंच गोल खांबाच्या आत बसलेला, आणि त्या जाळीवर लुका स्कार्त्सेल्लाचा व्हिडिओ पडतो. चार वाळूची घड्याळं आणि आत माणसं. मिकेले तादिनीचं लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स सेलोचा आवाज उचलतं, त्याचे थरावर थर चढवतं आणि स्पीकरमधून परत सोडतं, त्यामुळे चार सेलो पुढे चाळीस वाटायला लागतात. जवळजवळ तासभर हे चालतं.

तर तालीम सुरू झाली आणि साधारण दहा मिनिटांनी मला तिसऱ्या चॅनलवर, म्हणजे तिसऱ्या सेलोच्या माइकवर, काहीतरी किरकिरल्यासारखं ऐकू आलं. अगदी बारीक. दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात मी ते सोडून दिलं असतं, ड्रम्स असते किंवा नुसता पियानो जरी असता तरी ते खाली दबून गेलं असतं. इथे दबायला जागाच नाही ना, सगळे एकाच रंगाचे सूर, आणि त्यात जे काही परकं येतं ते पांढऱ्या धोतरावरच्या शाईसारखं दिसतं. त्यात ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरलं, म्हणजे किरकिर एकदा झाली की थोड्या वेळाने मागच्या स्पीकरमधून परत, मग डावीकडून परत, आणि वीस मिनिटांत हॉलभर रातकिडे.

तालीम थांबवली. मी केबल बदलली, माइक बदलला, दुसऱ्या इनपुटवर घेऊन पाहिलं, काही फरक नाही. अर्थिंगचा हमही नव्हता, तो सतत येतो आणि हे मात्र एकाच सुराच्या आसपास यायचं आणि जायचं. आमच्या सीनियर इंजिनिअरने शांतपणे सांगितलं की वाद्यातच काहीतरी सुटलंय, थंडीत हीटरच्या कोरड्या हवेने सेलोचा जोड उकलतो कधीकधी. हे खरंही आहे, मी स्वतः पाहिलंय. मीही मान डोलावली. जिचा सेलो होता ती पंचविशीची मुलगी, तिचा चेहरा बघवत नव्हता. दुसरा सेलो मागवते म्हणाली, पण संध्याकाळचा शो आणि हातात अनोळखी वाद्य, म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच माहीत.

आता माझं सांगते. मी मिरजेची. बाबा तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढायचे, आयुष्यभर तेच काम. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून तेच ऐकलंय, तार छेडायची, घोडीवर कानस चालवायची, परत छेडायची, मग तारेखाली दोरा घालून एक केसभर पुढे, एक केसभर मागे. ते म्हणायचे, झंकार कुठून निघतोय ते कानाने नाही, बोटाने शोध. मिरजेत माणसं झंकार यावा म्हणून जीव टाकतात आणि इथे मी तो घालवायला बसले होते. (इथे सुतार्तीनेस नावाची बायकांची जुनी गाणी आहेत, त्यात दोन सूर मुद्दाम इतके जवळ ठेवतात की ते एकमेकांवर घासतात. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला सरळ तंबोराच आठवला होता.)

जेवणाची सुट्टी झाली, सगळे गेले, ती मुलगी सेलो घेऊन गेली. मी थांबले. स्पीकरमधून साधा साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर सोडला, सेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झला असते, तिथून हळूहळू वर नेत गेले. 120, 130, 140. 147 च्या जवळ आल्यावर तिसऱ्या खांबातून किरकिर. आतमध्ये सेलोच नाही आणि किरकिर येतेय! मला अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. 147 म्हणजे सेलोची मोकळी डी तार, म्हणूनच ते सारखं परत यायचं.

टोन तिथेच धरून ठेवला, जाळी बाजूला करून आत गेले आणि एकेका वस्तूला बोट लावत सुटले. खुर्ची, नाही. स्टँडचा पाय, नाही. स्टँडचा स्क्रू, नाही. नोटेशनवर उजेड पडावा म्हणून चिमट्याचा छोटा दिवा लावलेला होता, त्याच्या स्प्रिंगला बोट लावलं आणि आवाज बंद. बोट काढलं, चालू. लावलं, बंद. मी असं पाच-सहा वेळा केलं असेल उगाच.

टूलबॉक्समधल्या फेल्टचा नखाएवढा तुकडा कापून स्प्रिंगमध्ये सरकवला. आधी थोडा वर बसला तर किरकिर अर्धीच गेली, एक केसभर खाली सरकवला तेव्हा पूर्ण गेली.

ती परत आली तेव्हा मी आधी तिची माफी मागितली, कारण सकाळी मान मीही डोलावली होती. ती काही बोलली नाही, बसली, डी तारेवर लांबलचक बो (गज) ओढला, मग परत एकदा. मग जाळीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला.

रात्री शो झाला. मी पूर्ण तास हेडफोनवर तिसरा चॅनल ऐकत होते, गरज नसताना. शो संपल्यावर बाबांना फोन लावला, मिरजेत पहाट व्हायची होती पण ते उठलेले असतात. तालमीचं रेकॉर्डिंग दोन मिनिटं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प, आणि मग विचारलं, "यात षड्ज कुठला धरायचा गं?"

मी म्हटलं, बाबा, तेच तर मीही तासभर शोधत होते.

"मग परत लाव," म्हणाले.